वारा सोंडेवर, घर खोऱ्यात : पवनचक्कीच्या बॅटरीसाठी १२, २४ की ४८ व्होल्ट?



आपल्या मुळशीत पावसाळी वाऱ्याला तोटा नाही. आषाढात ताम्हिणीच्या बाजूने वारा सुटला की कौले जागेवर राहत नाहीत, गोठ्याचे पत्रे वाजू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत कुठे तारेवर झाड पडते, कुठे खांब कलतो आणि डोंगरातल्या वाड्यांची वीज जाते. गावठाणात लाइन लवकर येते, पण वाडीपर्यंत दुरुस्ती पोचेस्तोवर दोन-दोन दिवस अंधारात काढावे लागतात. मोबाइल बंद, टी.व्ही. बंद. रात्री भाताच्या खाचरात रानडुकरे शिरली तर झटका मशीनच्या बॅटरीतही जीव उरलेला नसतो.

म्हणून काही शेतकरी छोटी पवनचक्की बसवून बॅटरी भरून ठेवण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. भेटले की पहिला प्रश्न असतो, "साहेब, किती वॅटची घेऊ?" माझे सांगणे असे, की त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारा : "किती व्होल्टची घेऊ?" वॅट थोडे कमी-जास्त झाले तर चालते. व्होल्ट चुकले तर पैसे खर्च होतात, पाती फिरत राहतात आणि घरात उजेड काही येत नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर आपण ज्या मोठ्या पवनचक्क्या पाहतो, त्यांची वीज थेट मोठ्या लाइनमध्ये जाते. तिथे बॅटरीचा संबंध नाही. हा लेख घरापुरत्या, दोनशे वॅटपासून दोन-तीन किलोवॅटपर्यंतच्या पवनचक्कीबद्दल आहे, जिची वीज आधी बॅटरीत साठते आणि मग वापरली जाते.

एका वाडीतला अनुभव

मागे ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका वाडीत भाताची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला, तेव्हा घरमालक म्हणाले, "साहेब, वर बघा, चक्र कसं गरागरा फिरतंय. पण खाली बॅटरी काही पुरी भरत नाही. ही दुसरी बॅटरी. पहिली दीड वर्षात गेली. माल खोटा दिला बघा मला."

घर खोऱ्यात, झाडांच्या आडोशाला. पवनचक्की वर सोंडेवर. मनोऱ्याच्या पायथ्यापासून घरापर्यंत ४० मीटर अंतर. संच १२ व्होल्टचा. मधली केबल कोणती, तर बोअरच्या मोटारीची उरलेली ४ चौरस मिलिमीटरची. सोबत गावचे वायरमन होते. त्यांच्याजवळ डी.सी. मोजणारा टाँग टेस्टर होता. वारा चांगला चालू असताना त्यांनी मनोऱ्याच्या पायथ्याच्या पेटीत मोजले, तर १८ व्होल्ट. खाली बॅटरीपाशी मोजले, तर पावणेतेरा. तारेतून जात होते १४ अँपिअर.

म्हणजे वर तयार होणाऱ्या विजेच्या दहा भागांतले जवळजवळ तीन भाग तार तापवण्यात जात होते. वारा वाढला की ही गळती आणखी वाढणार. बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती, आणि अर्धपोटी राहिलेली बॅटरी लवकर मरते, कारण तिच्या प्लेटांवर पांढरा थर बसून कडक होतो. माल खोटा नव्हता. व्होल्ट आणि अंतर यांचा मेळ बसलेला नव्हता.

मोटारीवरून समजून घ्या

"पण साहेब, याच केबलवर माझी मोटार चालत होती की!" असे ते म्हणाले. बरोबर आहे. आपली ५ एच.पी.ची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर चालते आणि सात-आठ अँपिअर घेते. आता ५०० वॅटची पवनचक्की घ्या. ताकदीने ती त्या मोटारीच्या सातव्या हिश्श्याएवढीसुद्धा नाही. पण १२ व्होल्टवर तेवढेच ५०० वॅट न्यायचे तर ४२ अँपिअर लागतात. ताकद थोडी, प्रवाह मात्र पाचपट.

सूत्र सोपे आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा आणि अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारे पाणी. दाब कमी असेल तर तेवढ्याच कामाला पाणी जास्त वाहावे लागते, आणि पाइप बारीक असेल तर घर्षणातच सारा जोर संपतो. विजेचेही तसेच, उलट थोडे कडक. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की वाया जाणारी वीज दुप्पट नव्हे, चौपट होते. प्रवाह चौपट झाला की नुकसान सोळा पट.

हिशेब करून पाहू

तेच अंतर धरू. ४० मीटर जाणे, ४० मीटर येणे, मिळून ८० मीटर तार. केबल जरा बरी, १० चौरस मिलिमीटर तांब्याची. या ८० मीटरचा रोध साधारण ०.१५ ओहम येतो. बॅटरीपाशी ५०० वॅट पोचवायचे आहेत.

१२ व्होल्टचा संच : प्रवाह ४२ अँपिअर. तारेत सव्वासहा व्होल्ट पडतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. वाया जाते सुमारे २६५ वॅट.

२४ व्होल्टचा संच : प्रवाह २१ अँपिअर. तारेत सव्वातीन व्होल्टच्या आत पडतात. वाया जाते सुमारे ६६ वॅट.

४८ व्होल्टचा संच : प्रवाह साडेदहा अँपिअर. तारेत दीड व्होल्टच्या थोडे वर पडतात. वाया जाते १७ वॅटच्या आत.

केबल तीच, वारा तोच, पाती तीच. फरक फक्त व्होल्टचा.

कोणी म्हणेल, मग जाड केबल टाकू. तोही हिशेब करा. ४८ व्होल्टला १० चौरस मिलिमीटरची केबल जे काम करते, तेच काम २४ व्होल्टवर करायला ४० चौरस मिलिमीटर लागेल आणि १२ व्होल्टवर १६०. नुसत्या तांब्याचे वजन काढले तर ४८ व्होल्टला ७ किलो, २४ ला सुमारे २९ किलो आणि १२ व्होल्टला ११५ किलो! मोटार रिवाइंड करताना तांब्याचा भाव आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. ११५ किलो तांबे जमिनीत पुरण्यापेक्षा व्होल्ट वाढवणे शहाणपणाचे नाही का?

मुळशीचे पाणी हेच सांगते

यासाठी परदेशातले उदाहरण शोधायला नको. मुळशी धरणासाठी आपल्या वाडवडिलांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो इतिहास तालुक्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन १९२७ पासून वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. एवढ्या लांब वीज कशी नेतात? तर आधी तिचे व्होल्ट लाखाच्या घरात वाढवतात. दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो, बारीक तारेतून वीज शंभर-शंभर कोस जाते आणि वाटेत फारशी गळत नाही.

आपल्या सोंडेवरून घरापर्यंतचे ४० मीटर आणि भिऱ्याहून मुंबई, दोन्हीकडे नियम एकच. वीज लांब न्यायची तर दाब वाढवून न्यावी.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जाणवण्याचे कारणही आहे. आपली घरे वारा-पाऊस चुकवून खोऱ्यात बांधलेली, आणि वारा मात्र उघड्या सोंडेवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. दोन मीटर व्यासाची पाती सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात जेमतेम ५५ वॅट देतील, तर १० मीटर वाऱ्यात ४३० वॅटपर्यंत. म्हणून पवनचक्की घराशेजारी झाडांत उभी करून उपयोग नाही. आजूबाजूच्या शंभरेक मीटरमधल्या झाड-घरापेक्षा तिची पाती ९-१० मीटर उंच हवीत. म्हणजे ती वरच जाणार, अंतर वाढणार आणि व्होल्टचा प्रश्न येणारच.

मग कोणी किती व्होल्ट घ्यावे?

ढोबळ मानाने असे ठरवा :

१२ व्होल्ट : पवनचक्की दोन-तीनशे वॅटच्या आत आणि बॅटरी १० मीटरच्या आत असेल तरच. राखणीच्या खोपटातले दोन दिवे, मोबाइल, झटका मशीन एवढ्यापुरते ठीक.

२४ व्होल्ट : ५०० वॅट ते एक किलोवॅट आणि अंतर वीसेक मीटरपर्यंत. एका कुटुंबाचे दिवे, पंखे, टी.व्ही. यांना पुरते.

४८ व्होल्ट : एक किलोवॅटच्या वर कोणतेही अंतर, किंवा ५०० वॅटची असली तरी अंतर ३०-४० मीटर आणि पुढे.

कसोटी एकच. पूर्ण जोराच्या वाऱ्यात तारेतली घट शेकडा ३ ते ५ च्या पुढे जाता कामा नये. विक्रेत्याकडून हा आकडा लिहून घ्या.

व्होल्ट वाढवले म्हणजे बॅटऱ्यांचा खर्च चौपट होतो, हा गैरसमज आहे. समजा घरात रोज एक युनिट वीज लागते आणि दोन दिवसांची बेगमी हवी. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून साठवण ४ युनिटची पाहिजे. ती १८० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टवर मिळते, किंवा १०० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्टवर मिळते. साठवण जवळपास तीच, जोडणी वेगळी.

४८ व्होल्टला अडचणी नाहीत असे नाही. चारही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. बैलजोडीत एक म्हातारा जुंपला तर दुसऱ्याचीही चाल बिघडते, तसे इथे होते. शिवाय भरताना हा संच ५८ व्होल्टपर्यंत जातो. ओल्या हाताने त्याला हात लावू नये. डी.सी.ची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून घरातले साधे ए.सी.चे एम.सी.बी. इथे चालत नाहीत, डी.सी.चेच बसवावे. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

सगळ्यांचे व्होल्ट एक हवेत

पवनचक्की, चार्ज कंट्रोलर, बॅटरीसंच आणि इन्व्हर्टर, या चौघांचे व्होल्ट एकच पाहिजेत. २४ व्होल्टची पवनचक्की ४८ च्या बॅटऱ्यांना जोडली, तर पाती दुप्पट वेगाने फिरेपर्यंत बॅटरीत काहीच जाणार नाही. मंद वारा सगळा फुकट. उलट २४ ची पवनचक्की १२ च्या बॅटरीला जोडली, तर पाती दबून राहतात, वेग घेत नाहीत, आणि जोराच्या वाऱ्यात गुंडाळी तापते.

आश्विन-कार्तिकानंतर आपला वारा पडतो आणि ऊन चांगले पडते. म्हणून सोबत सौर पॅनेल जोडावे हे उत्तम. तेही त्याच व्होल्टच्या संचावर भरेल असे घ्यावे.

मधल्या बॅटरीवरून तार काढू नका

ही चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. झटका मशीन १२ व्होल्टचे, संच २४ किंवा ४८ चा. मग एकाच बॅटरीवरून दोन तारा काढून मशीन जोडले जाते. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, बाकीच्या भरलेल्या राहतात. कंट्रोलरला एकूण व्होल्ट दिसतात, कोण उपाशी आणि कोण तुडुंब हे त्याला कळत नाही. वर्ष-दीड वर्षात ती बॅटरी जाते आणि सगळा संच घेऊन जाते. ४८ चे १२ करून देणारा डी.सी. कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो संपूर्ण संचावर लावा. नाहीतर झटका मशीनला छोटी बॅटरी वेगळी ठेवा.

भरताना किती व्होल्ट?

'१२ व्होल्टची बॅटरी' हे नाव झाले. भरताना तिला १४.४ च्या आसपास द्यावे लागतात, पूर्ण भरल्यावर १३.६ च्या आसपास राखावे लागतात. २४ च्या संचाला हेच आकडे २८.८ आणि २७.२, तर ४८ च्या संचाला ५७.६ आणि ५४.४ होतात. बॅटरीच्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. थंडीत किंचित जास्त आणि उन्हाळ्यात किंचित कमी व्होल्ट लागतात.

कंट्रोलर बॅटरीजवळच बसवा. तो मनोऱ्यापाशी ठेवला तर तारेतली घट त्याला दिसत नाही. तिथे १४.४ झाले की तो समजतो बॅटरी भरली, आणि बॅटरी बिचारी अर्धीच असते.

पाती थांबलेली, घरातले सगळे बंद, असे दोन-तीन तास गेल्यावर मीटर लावून पाहा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. महिन्यातून एकदा डिस्टिल वॉटर बघा. खोली हवेशीर ठेवा आणि तिथे विडी पेटवू नका, कारण भरताना निघणारा वायू पेट घेतो.

वारा मोकळा सोडू नका

सौर पॅनेल आणि पवनचक्की यांत मोठा फरक आहे. बॅटरी भरल्यावर पॅनेल तोडले तर काही बिघडत नाही. पवनचक्की तोडली तर जोतातून सुटलेल्या बैलासारखी ती उधळते आणि पाती मोडतात. म्हणून सौरचा कंट्रोलर पवनचक्कीला कधीही लावू नका. पवनचक्कीचा कंट्रोलर वेगळा असतो. बॅटरी भरली की तो जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये वळवतो. याला डंप लोड म्हणतात. ही कॉइलही त्याच व्होल्टची आणि पवनचक्कीची पूर्ण ताकद झेलणारी हवी. लिथियम बॅटरी घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून बघावे. त्या बॅटरीतले सर्किट भरल्यावर स्वतःच लाइन तोडते, आणि डंप लोड नसेल तर चक्र मोकळे सुटते.

सोंडेवरच्या लोखंडी मनोऱ्याला चांगले अर्थिंग करा. वळवाच्या विजा कुठे पडतात हे आपल्याला सांगायला नको.

आधीच १२ व्होल्टचा संच असेल तर

वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांनी नवी पवनचक्की घेतली नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी विटांची छोटी खोली बांधली, वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी. बॅटरी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर तिथेच ठेवले. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्टची लाइन खाली घरात आणली. २३० व्होल्टला प्रवाह दोन-तीन अँपिअर, त्यामुळे तीच मोटारीची केबल पुरली. खोलीत आणि घरात शॉक लागण्याआधी लाइन तोडणारा ब्रेकर बसवला, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. पुढच्या पावसाळ्यात भेटलो तेव्हा म्हणाले, "साहेब, लाइन गेली तरी आता पोरांचा अभ्यास थांबत नाही." अंतर कमी करता आले तर तेही व्होल्ट वाढवण्याइतकेच गुणकारी, हे ध्यानात ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

शाळा, समाजमंदिर किंवा वाडीवरच्या दिव्यांसाठी असा संच घेताना दरपत्रकात केवळ वॅट आणि किंमत पाहून मंजुरी देऊ नका. या पाच गोष्टी लेखी मागा : संच किती व्होल्टचा, मनोऱ्यापासून बॅटरीपर्यंत अंतर किती, केबल किती चौरस मिलिमीटरची, तांब्याची की अॅल्युमिनियमची, पूर्ण ताकदीला तारेतली घट शेकडा किती, डंप लोड किती वॅटचा. अॅल्युमिनियम असेल तर त्याच कामाला साधारण दीडपटीहून अधिक जाड केबल लागते. शंका असल्यास पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या महाऊर्जा या शासकीय संस्थेकडे विचारणा करावी.

शेतकरी मित्रांनो, पेरणीआधी आपण जमीन बघतो, मग बियाणे आणतो. इथेही तसेच करा. आधी टेप घेऊन सोंडेपासून घरापर्यंतचे अंतर मोजा. मग रोज किती वीज लागते ते कागदावर मांडा. त्यावरून व्होल्ट ठरवा, आणि पवनचक्कीचे दुकान त्यानंतर बघा. टेप, कागद आणि एक संध्याकाळ, एवढाच याला खर्च आहे. तो आधी केला तर पुढचे हजारो रुपये तारेत जळणार नाहीत.